दोन मीटर चौतीस सेंटिमीटर

तुम्ही अथेन्समध्ये आहात. ७ एप्रिल १८९६, मंगळवार. पॅनाथेनाइक स्टेडियमच्या संगमरवरी पायऱ्यांवरच्या गर्दीत तुम्हाला कशीबशी जागा मिळाली आहे. खाली ट्रॅक दिसतो, पण शाळेच्या मैदानावर फक्की टाकून आखलेल्या ट्रॅकशी त्याचं फारसं नातं नाही. दोन लांबच लांब सरळ बाजू, आणि टोकांना इतकी आवळलेली वळणं, की जोरात आलेल्या माणसाला तिथे वेग मोडूनच वळावं लागतं. माती भुसभुशीत. फेरी भरते ३३३ मीटर आणि वर एक तृतीयांश. आणि सगळे धावणार आहेत उजवीकडे वळत, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, तुम्ही आजवर पाहिलेल्या शर्यतींच्या बरोबर उलट.

१५०० मीटरची शर्यत लागते आहे. एडविन फ्लॅककडे नजर ठेवा. वय २२, मेलबर्नमध्ये वाढलेला, सध्या लंडनमध्ये अकाउंटंटची नोकरी करतो आणि रजा काढून इथे आला आहे. ऑस्ट्रेलियात तो मैलाचा विजेता ठरलेला आहे. मैल म्हणजे १७६० यार्ड, आपल्या मापाने १६०९ मीटर. आजची शर्यत त्याहून १०९ मीटरने आखूड. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, पण मैल धावणाऱ्याच्या अंगात एक हिशेब मुरलेला असतो. दम कुठे राखायचा, पुढच्याच्या खांद्याला कुठे लागायचं, शेवटचा जोर कुठून काढायचा, हे त्याचे पाय ठरवतात, डोकं नव्हे. मैलाच्या सवयीने थांबून राहिलात तर जोर काढायच्या आत १५०० मीटर संपलेले असतात. फ्लॅक थांबत नाही. अमेरिकेच्या आर्थर ब्लेकला तो मागे टाकतो आणि ४ मिनिटं ३३.२ सेकंदांत साडेचार फेऱ्या पूर्ण करतो. दोनच दिवसांनी तो ८०० मीटरही जिंकणार आहे, आणि तेही त्याच्या ओळखीच्या ८८० यार्डांपेक्षा पावणेपाच मीटरने कमीच.

शेजारी बसलेल्याला विचारावंसं वाटतं, की १५००च का? १६०० ठेवले असते तर मैलाच्या जवळ तरी गेलं असतं. पण १६०० हा आकडा आपल्याला सोपा वाटतो तो आपल्या डोक्यात ४०० मीटरची फेरी बसली आहे म्हणून, आणि ती फेरी अजून रूढच झालेली नाही. या खेळांमागे पियरे द कुबर्तँ हा फ्रेंच माणूस आहे, आणि फ्रान्समध्ये ५०० मीटरच्या फेऱ्या आखायची पद्धत आहे. तीन फेऱ्या, १५०० मीटर. चार वर्षांनी पॅरिसच्या ऑलिम्पिकला गेलात तर ती ५०० मीटरची फेरी बुआ द बुलोन्यच्या हिरवळीवर प्रत्यक्ष पाहाल. कलकत्त्यात यार्डांच्या शर्यती मारत मोठा झालेला नॉर्मन प्रिचर्ड तिथेच मीटरच्या दोन शर्यतींत रौप्यपदकं घेताना दिसेल. एका बागेतल्या हिरवळीच्या मापावर जगभरच्या मध्यम पल्ल्याच्या धावपटूंचं आयुष्य बेतलं गेलं, हे मला आजही विलक्षण वाटतं.

मीटरला त्याच्या जन्माच्या वेळी भेटायचं तर आणखी शंभर वर्षं मागे चला. १७९२. राज्यक्रांतीने फ्रान्स पेटलेला आहे आणि तुम्ही पॅरिसच्या उत्तरेला एका चर्चच्या मनोऱ्याचा जिना चढत आहात. वर डेलांब्र नावाचा खगोलशास्त्रज्ञ पितळी उपकरणाला डोळा लावून दूरच्या दुसऱ्या मनोऱ्याचा कोन मोजतो आहे. त्याचा जोडीदार मेशँ असंच काम बार्सिलोनाकडे करतो आहे. डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंत त्रिकोणांची माळ लावायची, त्यावरून ध्रुव ते विषुववृत्त हे अंतर काढायचं आणि त्याचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. राजाच्या हाताचं किंवा पायाचं माप नको, सगळ्यांच्या पायाखालच्या पृथ्वीचं माप हवं, ही त्यामागची कल्पना. खाली गावकरी जमले आहेत. दुर्बीण घेऊन उंचावर चढणारा माणूस शत्रूचा हेर असणार, असा त्यांचा समज, आणि डेलांब्रला अशा संशयापायी अटकही सोसावी लागते. सात वर्षांनी, १७९९ मध्ये, प्लॅटिनमची पट्टी तयार होते. ती अपेक्षेपेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटर आखूड भरली आहे, हे नंतरच्या मोजणीत कळेल. शंभर मीटरच्या शर्यतीत त्याचे दोन सेंटिमीटर होतात. पृथ्वी अचूक मोजली गेली असती, तर आजच्या प्रत्येक शंभर मीटरवाल्याला दोन सेंटिमीटर जास्त धावावं लागलं असतं.

यार्डाची गोष्ट वेगळी आहे. ते आकाशाकडे बघून ठरलेलं नाही, शेतात ठरलेलं आहे, आणि तुमच्या घरात सातबारा असेल तर तुम्ही त्याला ओळखता. इंग्रजी भूमापनाची साखळी २२ यार्डांची, म्हणजे ६६ फुटांची. तिच्या निम्म्या, ३३ फुटांचा चौरस म्हणजे आपला गुंठा. साखळीभर लांबी म्हणजे क्रिकेटची खेळपट्टी. दहा साखळ्यांचा फर्लांग, आठ फर्लांगांचा मैल. १५९३ मध्ये एलिझाबेथ राणीच्या काळात कायद्याने मैल ५२८० फुटांचा ठरला तो त्यात बरोबर आठ फर्लांग बसावेत म्हणूनच. पाव मैल म्हणजे दोन फर्लांग, वीस साखळ्या, ४४० यार्ड. इंग्रजांच्या मैदानांवर हीच आदर्श फेरी ठरली. चार फेऱ्या मारल्या की मैल. एका खेळपट्टीमागे दुसरी अशा वीस खेळपट्ट्या लावा आणि त्यांना गोल वळवा, की तुमच्यासमोर इंग्रजी ट्रॅक उभा राहतो. या मापात एक सौंदर्य आहे, ते मी मनापासून मान्य करतो. जमीन, खेळ आणि रस्ता या तिन्हींना त्याने एकाच दोरीने मोजलं.

आता पुण्यात या. १९१९. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं आहे आणि डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा चालू आहेत. अध्यक्ष म्हणून सर दोराबजी टाटा आले आहेत. धावणारी पोरं शेतकरी घरातली, अनवाणी. त्यांच्या गावी अंतर कोसात सांगतात, सरकारी रस्त्यावर मैलाचे दगड आहेत, आणि मीटर त्यांनी बहुधा ऐकलेलाही नाही. दोराबजी मात्र घड्याळ पाहत आहेत, आणि या पोरांच्या वेळा युरोपातल्या चांगल्या धावपटूंच्या आसपास येत आहेत असं त्यांना दिसतं. यांना ऑलिम्पिकला न्यायचं, हा विचार इथे, या मैदानावर पक्का होतो. पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, खेळाडूंची एक छोटी तुकडी अँटवर्पला पोचते. त्यात बेळगावचा फडेप्पा चौगुले आहे, सदाशिव दातार आहे.

अँटवर्पच्या ट्रॅकवर जरा पाय फिरवा. फेरी ३८९.८ मीटर. आठ वर्षांपूर्वी स्टॉकहोमला ती ३८३ होती, त्याआधी १९०८ मध्ये लंडनला मैलाचा बरोबर तिसरा भाग. मीटरचं नाव लागलं, पण फेरी अजून ज्याच्या त्याच्या मैदानाची. मॅरेथॉनचंही तेच. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, ऑलिम्पिकच्या इतिहासातली सर्वांत लांब. फडेप्पा ती २ तास ५० मिनिटांत पुरी करतो आणि एकोणिसावा येतो. रस्त्याच्या कडेला उभं राहून तुम्ही त्याला जाताना पाहता तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याची ही वेळ पॅरिसच्या किंवा लंडनच्या मॅरेथॉनशेजारी सरळ मांडता येत नाही, कारण तो त्यांच्यापेक्षा जास्त पळाला आहे. ४०० मीटरची फेरी ऑलिम्पिकला मिळते ती १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला, आणि तिथून पुढे ती हलत नाही.

ती फेरी कशी बसते हे जिज्ञासूंनी पाहून ठेवावं. आजच्या नमुन्यात दोन सरळ बाजू ८४.३९ मीटरच्या आणि वळणाच्या आतल्या कडेची त्रिज्या ३६.५० मीटर. पण धावणारा कडेवरून धावत नाही, म्हणून माप कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेर धरतात. ३६.८० त्रिज्येची दोन अर्धवर्तुळं आणि त्या दोन सरळ बाजू यांची बेरीज बरोबर ४०० येते. ४४० यार्डांचा जुना ट्रॅक मीटरचा करायचा तर? फरक २.३४ मीटरचा. वळणांची आतली कड सगळीकडून ३७ सेंटिमीटर आत सरकवा, काम झालं. दीड वितीपेक्षा थोडं अधिक. त्या सरकवण्याला मात्र इंग्रजी बोलणाऱ्या जगाने पुढची चाळीसएक वर्षं घेतली.

त्या वर्षांमधली एक दुपार चुकवू नका. २५ मे १९३५, मिशिगनमधलं ॲन आर्बर. २१ वर्षांच्या जेसी ओवेन्सची पाठ जिन्यावरून पडल्यामुळे दुखावलेली आहे. तरी पाऊण तासात तो चार स्पर्धांना उतरतो. १०० यार्ड ९.४ सेकंदांत, जागतिक विक्रमाशी बरोबरी. लांब उडी ८.१३ मीटर, हा विक्रम पुढे पंचवीस वर्षं टिकणार. मग २२० यार्डांची सरळ धाव, २०.३ सेकंद. इथे टाइमकीपरांच्या शेजारी उभे राहा. २२० यार्ड म्हणजे २०१.१७ मीटर. २०० मीटरचा विक्रमही यापेक्षा मंद आहे. जास्त अंतर कमी वेळात कापलं, तर कमी अंतर त्याआधीच कापून झालेलं असणार, म्हणून तीच वेळ २०० मीटरचा विक्रम म्हणूनही नोंदली जाते. अडथळ्यांच्या २२० यार्डांतही तेच, २२.६. एका धावेतून दोन विक्रम. त्या दुपारी पाच विक्रम मोडले आणि एकाशी बरोबरी झाली असं पुस्तकं सांगतात, त्यातले दोन या अर्ध्या-पाऊण पावलाच्या फरकातून आले आहेत.

याची दुसरी बाजू फिनलंडमधल्या तुर्कूला दिसते. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर रॉजर बॅनिस्टरने मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत धावून चार मिनिटांची भिंत पाडली, ते सर्वांना ठाऊक आहे. तिथे ट्रॅक ४४० यार्डांचा होता, म्हणून चार फेऱ्यांत मैल आणि प्रत्येक फेरीला मिनिटभर, असा नितळ हिशेब. तुम्ही मात्र सहा आठवडे पुढे, २१ जूनला फिनलंडमध्ये या. इथे फेरी ४०० मीटरची, त्यामुळे मैलाची शर्यत अंतिम रेषेच्या नऊ मीटर चौतीस सेंटिमीटर मागून सुटते. ऑस्ट्रेलियाचा जॉन लँडी पुढे आहे. शेवटचं वळण सरता सरता १५०० मीटरच्या खुणेपाशी वेगळे टाइमकीपर उभे आहेत. तो तिथून जातो तेव्हा त्यांची घड्याळं ३:४१.८ दाखवतात, हा १५०० मीटरचा जागतिक विक्रम. तो थांबत नाही, त्याला कळतही नाही, त्याची शर्यत अजून १०९ मीटर आहे. मैलाच्या रेषेवर घड्याळ थांबतं ३:५७.९ वर. पण मैलाच्या वेळा नियमाने सेकंदाच्या पाचव्या हिश्शात लिहायच्या असल्यामुळे विक्रम म्हणून लागतात ३:५८.०. एकाच माणसाच्या, एकाच धावेच्या दोन नोंदी, त्याही वेगवेगळ्या बारकाईच्या.

आता कार्डिफ. इथे तुम्हाला मी घाईने हलवणार नाही.

साल १९५८. मे महिन्यात टोकियोच्या आशियाई स्पर्धांत मिल्खा सिंगने २०० आणि ४०० मीटरची सुवर्णपदकं घेतली आहेत. तिथे मीटर होते. जुलैत वेल्समध्ये, ब्रिटिश साम्राज्य आणि राष्ट्रकुल स्पर्धांत, पुन्हा यार्ड. खुद्द भारत या वर्षी दोन मापांच्या मध्ये उभा आहे. नवा पैसा येऊन वर्ष-सव्वा वर्ष झालंय, १ ऑक्टोबरपासून शेर आणि तोळ्यांच्या जागी किलो-ग्रॅम यायला सुरुवात होणार आहे, आणि वाणी-गिऱ्हाइकांची डोकी त्या हिशेबात गुंतलेली आहेत. सैन्यातला हा शिपाई मात्र पायांनीच दोन्ही मापं मोजतो आहे.

२४ जुलै, कार्डिफ आर्म्स पार्क. ट्रॅक सिंडरचा, जळक्या कोळशाची बारीक कच दाबून केलेला. स्पाइक्सखाली करकर वाजतो आणि घामट पोटऱ्यांना काळं लावतो. तुम्ही अंतिम रेषेपाशी बसू नका. तिथून अडीच पावलं अलीकडे, गवताच्या कडेला बसा. इथे कुठलीही खूण नाही, फीत नाही, पंच नाही. पण पहिल्या लेनमधून येणाऱ्याचे ४०० मीटर इथे पुरे होतात. सर्वांचा अंदाज दक्षिण आफ्रिकेच्या माल्कम स्पेन्सवर आहे. त्या संघात फक्त गोरे आहेत, आणि त्याबद्दल या गावात निषेधही झाला आहे. मिल्खाचा अमेरिकी प्रशिक्षक आर्थर हॉवर्ड याने त्याला सांगून ठेवलं आहे, की स्पेन्सची वाट बघू नकोस, सुरुवातीपासून ओढून धाव.

पिस्तूल वाजतं. मिल्खा पहिल्यापासून पुढे. डोक्यावर बांधलेले केस, खांदे ताठ. समोरच्या सरळ बाजूवर त्याने अंतर टाकलेलं दिसतं, शेवटच्या वळणावर ते टिकतं, आणि मग ती वेळ येते जी चारशेवाल्या प्रत्येकाला येते. मांड्या जड होतात, पाऊल जिथे टाकायचं तिथे पडत नाही, श्वासाला धार लागते. स्पेन्स मागून येतो आहे. मिल्खा तुमच्या समोरून जातो. ४०० मीटर झाले. पण अजून दोन मीटर चौतीस सेंटिमीटर बाकी आहेत, ४०० मीटरच्या शर्यतीत नसलेले, मेलेल्या पायांनी टाकायचे. तो ते टाकतो. ४६.६ सेकंद. स्पेन्स दुसरा. ॲथलेटिक्समधलं राष्ट्रकुल स्पर्धांतलं भारताचं पहिलं सुवर्णपदक. मायदेशी एक दिवसाची सुट्टी जाहीर होते, ती त्याने स्वतः मागितली म्हणून.

त्याचा वेग काढून पाहा. सेकंदाला साधारण ८.६ मीटर. म्हणजे तुमच्यापासून फितीपर्यंत त्याला सुमारे पाव सेकंद लागला, थकवा धरला तर थोडा जास्तच. टाइमकीपर अशा वेळी ठोकळ हिशेबाने ४४० यार्डांतून ०.३ सेकंद वजा करतात. तेव्हा कार्डिफचा मिल्खा ४०० मीटरचा ४६.३चा धावपटू आहे. हा आकडा हातात ठेवा आणि रोमला चला.

६ सप्टेंबर १९६०, ऑलिम्पिक स्टेडियम. इथे अंतर नेमकं ४०० मीटर. अंतिम फेरीत मिल्खा आहे आणि स्पेन्सही आहे. पहिल्या निम्म्या फेरीत मिल्खा जोरात आहे. पुढे अडीचशे मीटरच्या आसपास आपण वेग थोडा आवरला आणि तो परत मिळाला नाही, असं तो आयुष्यभर सांगत राहील. मग शेवटची सरळ रेषा. अमेरिकेचा ओटिस डेव्हिस आणि जर्मनीचा कार्ल काउफमान फितीवर झेप घेतात, दोघांनाही ४४.९, नवा जागतिक विक्रम, आणि पहिला कोण ते फोटोवरून ठरवावं लागतं. स्पेन्स ४५.५. मिल्खा ४५.६. इलेक्ट्रिक घड्याळावर तिसऱ्या आणि चौथ्यातलं अंतर ०.१३ सेकंद, जमिनीवर मोजलं तर मीटरभरापेक्षा थोडं जास्त.

मीटरभर. आणि कार्डिफच्या ट्रॅकवर यार्डांनी वाढवलेलं अंतर त्याच्या दुप्पट होतं. रोममध्ये ४४० यार्ड असते तर मिल्खा जिंकला असता, असं मी म्हणत नाही. शेवटी स्पेन्सच जास्त ताजा होता. मला दुसरंच काही दाखवायचं आहे. कार्डिफचा सुवर्णविजेता मिल्खा आणि रोमचा चौथा मिल्खा यांना एकाच रेषेवरून, एकाच लांबीवर सोडा. ४६.३ विरुद्ध ४५.६. रोमचा मिल्खा सहा मीटर पुढे जिंकतो. आठ वर्षांपूर्वी हेलसिंकीत झालेला ४५.९चा ऑलिम्पिक विक्रमही त्याने मागे टाकला होता. पदक हुकलं ती त्याची सर्वांत मोठी धाव होती, आणि हे ठामपणे सांगता येतं ते अंतर एकाच मापात आणता येतं म्हणून. नाहीतर हाती राहिले असते दोन परके आकडे, आणि एका पराभवाची हळहळ. अंतर एक असणं ही कारकुनी बाब आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना मी या दोन मैदानांवर घेऊन येईन.

पुढचा प्रवास झरझर. १९६६च्या किंग्स्टनच्या राष्ट्रकुल स्पर्धांत अजून सहा मैल आणि ८८० यार्ड. १९७० मध्ये एडिंबरोच्या मेडोबँकला या. फलकावर पहिल्यांदाच १००, ४००, १५००, १०,००० असे आकडे लागले आहेत. स्कॉटलंडचा लाकी स्ट्युअर्ट १०,००० मीटरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कला मागे टाकतो, केनियाचा किपचोगे केइनो १५०० मीटर जिंकतो, आणि गर्दी ओरडते तेव्हा यार्ड गेले म्हणून कोणी हळहळताना दिसत नाही. १९७६ मध्ये जागतिक संघटना यार्डांतले सगळे विक्रम यादीतून काढते, एकट्या मैलाचा सोडून. तो ठेवला हे योग्यच झालं. ज्या अंतरासाठी माणसांनी इतकी वर्षं छाती फोडून घेतली, ते केवळ आकडा वाकडा म्हणून पुसायचं नसतं. ७ जुलै १९९९ रोजी, त्याच रोमच्या स्टेडियममध्ये, मोरोक्कोचा हिशाम एल गरूज मैल ३:४३.१३ मध्ये धावतो. १९५४ उजाडलं तेव्हा १५०० मीटरचा विक्रम ३:४३.० होता. तेव्हा जगातल्या सर्वोत्तम माणसाला १५०० मीटरला जेवढा वेळ लागे, जवळपास तेवढ्यात ४५ वर्षांनी पुरा मैल होतो.

यार्ड गेले असं मी वर लिहिलं खरं, पण बर्मिंगहॅमला २०२२ मध्ये अविनाश साबळेची ३००० मीटर स्टीपलचेस पाहताना खाली वाकून बघा. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा जवान तीन केनियन धावपटूंना भिडला आहे. शर्यतीचं अंतर मीटरचं. पण तो ज्या पाण्यात पाय घालतो तो हौद ३.६६ मीटरचा आहे, म्हणजे बारा फूट. ज्या लाकडी अडथळ्यावरून जातो त्याची उंची ०.९१४ मीटर, तीन फूट. आणि त्या मैदानावरच्या लेनची रुंदी १.२२ मीटर, चार फूट. साबळे ८:११.२० मध्ये रौप्यपदक घेतो, सुवर्णापासून सेकंदाच्या विसाव्या भागावर. जुनी मापं जिथे धोका नव्हता तिथे तशीच राहू दिली गेली. फक्त धावायचं अंतर एक केलं गेलं, कारण तिथेच एका माणसाचा दुसऱ्याशी न्याय होतो.

आता आजच्या दिवसात, पुण्यातल्या बालेवाडीला उतरा. सकाळचे सहा, सिंथेटिक ट्रॅकवर दव आहे. ११० मीटर अडथळ्यांचा सराव लागायचा आहे आणि अडथळे मांडायचं काम तुमच्याकडे आलं आहे. मोजपट्टीचं एक टोक प्रारंभरेषेवर धरा. पहिला अडथळा १३.७२ मीटरवर. पंधरा यार्ड. तिथून पुढे प्रत्येक अडथळा ९.१४ मीटरवर, म्हणजे दहा यार्ड, असे नऊ वेळा. उंची १.०६७ मीटर, साडेतीन फूट. १२० यार्डांची जुनी शर्यत या लयीत बसलेली होती. दोन अडथळ्यांमध्ये तीन पावलं, चौथ्याला उडी. ही लय बिघडवायला कोणी धजावलं नाही, म्हणून मीटरसाठी लागणारं जास्तीचं अंतर सगळं शेवटी ढकललं गेलं. जुन्या शर्यतीत शेवटच्या अडथळ्यापासून फितीपर्यंत पंधराच यार्ड होते, आता त्यात तीसएक सेंटिमीटरची भर आहे. दहावा अडथळा ठेवा आणि मोजपट्टी रेषेपर्यंत ओढा. १४.०२ भरायला हवेत. कमी-जास्त भरले तर पुन्हा पहिल्या अडथळ्यापासून मोजायला लागा. पोरं वॉर्मअप करून येतच आहेत.